नंतर बसवलेला गिअर

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत आम्ही दोघा भावांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीट करून दिला आहे.)



काल या व्यासपीठावर नाट्यसंगीत झाले, उद्या डॉक्टर मधुमेहावर बोलणार आहेत आणि मधल्या दिवशी कार्यकर्त्यांनी आम्हांला उभे केले आहे. मघाशी टेबलावर आम्ही हे सामान मांडत होतो तेव्हा एका काकूंनी विचारले, "मंडपवाल्याचे काही राहिले का रे?" काकू, मंडपवाल्याचे नाही, आमचेच आहे. हे मोटारींचे गिअर आहेत. गिअरबॉक्स नव्हे, गिअर टाकायचा दांडा, त्याची मूठ आणि त्याखालच्या कड्या. त्यातही कारखान्यातून गाडीबरोबर आलेले नव्हेत. मालकाने नंतर बाजारातून विकत आणून बसवलेले. असे ४१ नग आज आमच्याकडे आहेत. २७ आपल्या देशातले, १४ अमेरिकेतले. सगळे इथे आणता आले नाहीत, नऊ आणले आहेत.

लोक तिकिटे जमवतात, नाणी जमवतात, अडकित्ते जमवतात. आम्ही हे का जमवतो हे सांगायला आधी आमच्या अप्पांची गाडी सांगावी लागेल. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली आहे. काहींनी ढकललीही आहे.

१९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, मोतिया रंगाची. तिचा गिअर स्टिअरिंगच्या खांबावर होता, तेव्हाच्या सगळ्याच फियाट आणि अॅम्बेसेडरसारखा. डाव्या हाताने दांडा ओढायचा, उचलायचा, वर-खाली करायचा. पुढची सीट सलग बाकासारखी. त्यामुळे अप्पा, आई आणि मध्ये आमच्यापैकी धाकटा असे तिघे पुढे, मागे आजी, आत्या, थोरला आणि डब्यांची पिशवी. पावागडला, नर्मदेवर चांदोदला, गणपती विसर्जनाला आम्ही असेच जात असू.

या सोयीसाठीच तर तो गिअर वर गेला होता. पूर्वी सगळ्याच गाड्यांचा गिअर खाली, पायांजवळ असे. १९३८-३९च्या सुमारास अमेरिकन गाड्यांनी तो स्टिअरिंगच्या खांबावर चढवला आणि दोन-तीन वर्षांत तिकडच्या जवळजवळ सर्व कंपन्यांनी तेच केले. खालची जागा मोकळी झाली, पुढे तिसरा माणूस बसू लागला. कुटुंबाच्या गाडीला हे फार सोयीचे. इंग्लंड-इटलीतल्या गाड्यांनीही ते उचलले आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अॅम्बेसेडर, फियाट ११०० वरून आपली पद्मिनी, अशा त्या पद्धतीसकट आपल्याकडे आल्या.

सोय झाली, पण तिची किंमत होती. खाली असलेल्या दांड्याला गिअरबॉक्स जवळ असतो. खांबावरच्या दांड्याची हालचाल मात्र खांबातून खाली, तिथून वळून, कड्याकड्यांनी गिअरबॉक्सपर्यंत न्यावी लागते. आपल्या गाड्यांत एक कडी कोणत्या रांगेतला गिअर हवा ते निवडते आणि दुसरी तो टाकते. प्रत्येक सांध्यात रबराचे किंवा नायलॉनचे बूश. ते झिजले की प्रत्येक ठिकाणी केसभर ढिलेपणा येतो आणि पाच-सहा ठिकाणचे केस एकत्र झाले की दांडा हवेत फिरतो किंवा मधेच अडकून बसतो. मग बॉनेट उघडायचे आणि खांबाच्या पायथ्याच्या पट्ट्या हाताने सरळ करायच्या. मांडवीच्या दरवाज्याजवळ, मागून सगळे हॉर्न वाजवताहेत आणि अप्पा बॉनेटमध्ये डोके घालून उभे आहेत, हे दृश्य आमच्या बालपणात कितीदा आले याची मोजदाद नाही.

१९८६ साली अप्पांचा डावा खांदा आखडला. ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, हातांचे काम. हात खांद्याच्या रेषेत उचलला की कळ यायची. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवू नका. अप्पा दोन आठवडे गप्प बसले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक खोका आणला. त्यात एक पट्टी, एक उभा दांडा, दोन वाकवलेल्या कड्या, एक रबरी बूट आणि मूठभर नट-बोल्ट होते. गिअर खांबावरून काढून खाली जमिनीवर आणायचा तो संच. त्या काळी स्पेअर पार्टच्या दुकानांत असे संच मिळत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती आणि तिचा गिअर खाली होता. त्यामुळे आपल्या जुन्या गाडीतही 'खालचा गिअर' असावा असे तरुणांना वाटू लागले होते. अप्पांना तरुण दिसायचे नव्हते. त्यांना हात खाली ठेवून गिअर टाकायचा होता.

ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडीचा पत्रा कापला. आई दारात उभी राहून म्हणाली, "चांगल्या गाडीला भोक कशाला पाडताय?" पुढची सलग सीट जाऊन दोन वेगळ्या सीटा आल्या आणि धाकट्याची मधली जागा कायमची गेली. त्याचे दुःख त्याने आजही सोडलेले नाही. संचाबरोबर आलेली प्लास्टिकची मूठ अप्पांना आवडली नाही. त्यांनी वर्कशॉपमधल्या सोबत्याच्या लेथवर शिसवीची मूठ कातून आणली. तिच्या माथ्यावर गिअरचा नकाशा कोरला आणि त्यावर आकडे घातले ते आपले, १, २, ३, ४. रिव्हर्सला इंग्रजी अक्षर न घालता 'मा' असे कोरले. मा म्हणजे मागे. ही ती मूठ. हातोहात फिरवा, पण कृपा करून परत द्या. त्या मुठीवर अप्पांनी पुढे सतरा वर्षे गाडी चालवली.

अप्पा गेल्यावर गाडी बरीच वर्षे झाकून होती. नंतर जुन्या गाड्यांचे मेळावे भरू लागले, लोक फियाटसुद्धा हौसेने सजवू लागले. आम्हांलाही वाटले, अप्पांची गाडी पुन्हा उभी करावी. एका गॅरेजकडे दिली. गावाचे आणि मालकाचे नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि आमची जास्त होती. आम्ही त्यांना एकच वाक्य सांगितले होते: "अगदी मूळसारखी करा."

त्यांनी ती अगदी मूळसारखी केली. रंग, सीटा, काचांची रबरे, सगळे. पत्र्याचे भोक वेल्डिंग करून असे बुजवले की हात फिरवला तरी कळू नये. दुसऱ्या एका पद्मिनीचा खांब आणून गिअर पुन्हा वर बसवला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा आम्ही खालच्या गिअरचे विचारले. मिस्त्री सहज म्हणाला, "ए तो भंगारमां गयुं, भाई." ते तर भंगारात गेले. बरोबर एका पिशवीत उरलेसुरले दिले. त्यात एक जुनी किल्ली, राखदाणी आणि ही मूठ होती. मूठ लाकडाची, म्हणून भंगारवाल्याने घेतली नव्हती.

गाडी घरी आणली. आईला पुढे बसवून सूरसागरला एक चक्कर मारली. ती सगळीकडे बघत होती. उतरताना म्हणाली, "छान केलीत रे. शोरूममधली वाटते." आम्ही खूश झालो. मग हळूच म्हणाली, "पण यांचा हात कुठे आहे हिच्यात?"

बंधुभगिनींनो, आमचा संग्रह त्या प्रश्नापासून सुरू झाला. मुठीला दांडा शोधायचा एवढेच ठरवून निघालो.

पहिला रविवार अहमदाबादला, साबरमतीच्या काठच्या गुजरीत. जुन्या कुलपांच्या आणि पंख्यांच्या पात्यांच्या ढिगात एक दांडा मिळाला, किलोच्या भावाने. अप्पांची मूठ त्याच्यावर फिरवून पाहिली, आटे जुळले नाहीत. पण दांडा ठेवून दिला. नंतर मुंबईला कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो, चोरबाजारात गेलो, एकदा लग्नाला चेन्नईला गेलो तर अक्षता टाकून थेट पुदुपेट्टईला. जिथे जाऊ तिथे खिशात मूठ. दुकानदार विचारायचे, कोणत्या गाडीला हवे? आम्ही मूठ दाखवायचो. काहींनी चहा पाजला, काहींनी पाठ फिरवली.

या भटकंतीत हळूहळू कळू लागले की एकसारखे दोन संच क्वचितच सापडतात. कुठे दांडा सरळ, कुठे हंसाच्या मानेसारखा वळलेला. कुठे बिजागरीच्या जागी बॉल, कुठे नुसता बोल्ट आणि स्प्रिंग. काहींवर बनवणाऱ्याचे नाव ठोकलेले, बहुतेकांवर काहीच नाही. दहा माणसांच्या एखाद्या शेडमध्ये पत्रा कापून, सळई वाकवून बनवलेल्या या वस्तू. त्यांची कोणी यादी केली नाही, छायाचित्रे काढली नाहीत. गाडीची मूळ पुस्तिका कुठेतरी मिळते. या संचांबरोबर कागद आलाच असेल तर तो ग्रीसने माखून मिस्त्रीच्या बाकड्यावर संपला.

अमेरिकेत याच गोष्टीचा केवढा उद्योग झाला, ते आमच्या भाचीमुळे कळले. ती पेनसिल्व्हेनियात असते. त्याच राज्यात हर्शी या गावी दर ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. १९५५ पासून भरतो आहे आणि मैदानावर हजारो गाळे लागतात. आम्ही दोघे तिच्याकडे गेलो ते बाळाला बघायला, असे घरी सांगितले होते. बाळही पाहिले.

तिकडची कथा थोडी सांगतो. तिथेही घरगुती गाड्यांचा गिअर खांबावर, तीन गिअरचा. गिअरबॉक्सच्या बाजूला दोन पट्ट्या आणि त्यांना दोन लांब कड्या. एक कडी पहिला आणि रिव्हर्स सांभाळते, दुसरी दुसरा आणि तिसरा. महायुद्धानंतर तरुण पोरे जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन जोरात पळवू लागली. घाईत गिअर टाकताना खांबावरची ती ढिली यंत्रणा हमखास अडकायची. तेव्हा गिअर खाली आणायचे संच निघाले. फेंटन, अॅन्सेन, फॉक्सक्राफ्ट, पुढे स्पार्कोमॅटिक, मिस्टर गॅस्केट अशी किती तरी नावे. शिकागोच्या जे. सी. व्हिटनी कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगमधून ते टपालाने घरी यायचे. बापाने झोपल्याचे सोंग करायचे आणि पोराने अंगणात गाडीखाली शिरून संच बसवायचा, असा तो काळ असावा.

यात सर्वांत मोठे नाव झाले ते जॉर्ज हर्स्ट यांचे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बिल कॅम्पबेल यांच्याबरोबर धंदा उभा केला. पुढे फिलाडेल्फियाजवळच्या वॉर्मिन्स्टर गावात त्यांचा कारखाना होता. त्यांच्या गिअरची खुबी मुठीत किंवा चकाकीत नव्हती. ती खाली, जिथे कोणी बघत नाही तिथे होती. हा नग बघा. या दोन बोल्टांना थांबे म्हणतात. हात कितीही जोरात मारला तरी दांडा या बोल्टाला टेकून थांबतो, मार गिअरबॉक्सच्या आतल्या फाळक्यांपर्यंत जात नाही. आणि हे आरपार भोक दिसते आहे ना? दांडा मधोमध, म्हणजे न्यूट्रलला आणायचा आणि या भोकातून पाव इंची सळई घालायची. आतल्या सगळ्या पट्ट्या एका ओळीत असतील तरच ती पार जाते. मग कड्यांची लांबी त्या हिशेबाने फिरवून जुळवायची आणि सळई काढून घ्यायची. मिस्त्रीच्या अंदाजाऐवजी पाव इंची सळई! अप्पांनी हे पाहिले असते तर त्या दिवशी ते जेवले नसते.

हर्स्ट आपल्या गिअरला आयुष्यभराची हमी देत. शर्यतीच्या पोरांत ते नाव असे झाले की १९६४ साली पाँटियाक कंपनीने आपल्या जीटीओ या नव्या गाडीत कारखान्यातूनच हर्स्टचा गिअर बसवला आणि १९६५ पासून त्या दांड्यावर हर्स्टचे नावही झळकू लागले. दुसऱ्या कंपनीचे नाव आपल्या गाडीत मिरवणे मोटार कंपन्यांना सहसा मानवत नाही. इथे मानवले, कारण गिऱ्हाइकाला ते हवे होते.

याच हर्स्टचे नाव आणखी एका यंत्राला आहे. अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा फाकवून आतल्या माणसाला बाहेर काढणारा तो हायड्रॉलिक जबडा अग्निशामक दलाजवळ असतो, तोही त्यांच्याच डोक्यातून निघाला. गाड्या वेगाने पळवायचे साधन ज्याने दिले, त्यानेच चेपलेल्या गाडीतून माणूस सोडवायचेही दिले. आम्हांला हा माणूस आवडतो.

आता कोणाला या छंदात पडायचे असेल तर आमच्या ठेचा सांगतो.

पहिली ठेच कड्यांची. दांडा चकचकीत असतो, तो सगळ्यांना हवा असतो. खालच्या वाकड्या सळया कोणाला नको असतात. पण प्रत्येक संचाच्या कड्या त्या विशिष्ट गाडीसाठी आणि विशिष्ट गिअरबॉक्ससाठी वाकवलेल्या असतात. त्या नसतील तर उत्तमातला उत्तम दांडासुद्धा टेबलावर कागद दाबायच्याच कामाचा. हर्शीच्या बाजारातही तेच पाहिले. शेकडो दांडे ओळीने मांडलेले, आणि टेबलाखाली खोक्यात गुंता झालेल्या सळया. आम्ही वाकून खोके उपसू लागलो तेव्हा विक्रेता हसून म्हणाला की तुम्हांला कळते. आम्ही पहिले काही वर्षे नुसते दांडेच घेत होतो, हे त्याला सांगितले नाही.

दुसरी ठेच चकाकीची. गंजलेला दांडा दिसला की मुलामा करून आणावासा वाटतो. क्रोमच्या आधी लोखंड घासून गुळगुळीत करतात. त्या घासण्यात दांड्याच्या खालच्या टोकाला ठोकलेला क्रमांक पुसट होतो किंवा जातो. तो क्रमांकच तर हा दांडा कोणत्या गाडीचा ते सांगतो. आमचे दोन चांगले दांडे असे मुके झाले. आता आम्ही घासलेटमध्ये बुडवून, दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करतो, तेलाचा हात फिरवतो आणि थांबतो.

तिसरी ठेच नोंदीची. वस्तू घेतली त्याच दिवशी चिठ्ठी बांधायची. कुठे मिळाली, कोणत्या गाडीतून निघाली, मालक कोण होता, त्याने तो का बसवला. शेवटचा प्रश्न आम्ही आधी विचारत नव्हतो. विचारू लागल्यावर उत्तरे अशी आली की लोखंड बाजूला राहिले. एकाने लष्करातून निवृत्त होऊन आल्यावर जीपची सवय मोडेना म्हणून बसवला होता. एका बाईंच्या यजमानांनी त्या गाडी शिकत होत्या तेव्हा बसवला, कारण वरचा गिअर त्यांच्या हातून सारखा अडकायचा. एका मुलाने हुंड्याच्या गाडीत बसवला होता आणि सासऱ्यांना तो आवडला नाही. एकही उत्तर गाडीच्या पुस्तिकेत सापडणार नाही.

आता जो मुद्दा सांगण्यासाठी एवढे लोखंड उचलून आणले तो सांगतो.

जुन्या गाड्यांच्या जगात 'मूळ' या शब्दाला फार मान आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा भरला होता, आपल्यापैकी बरेच जण गेले होते. अशा स्पर्धांत परीक्षक गाडी कारखान्यातून जशी आली तशी आहे का हे बारकाईने पाहतात. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. गाडी मूळ रूपात एकदाच असते, ते रूप पुढच्यांना दिसावे म्हणून कोणी पैसा आणि आयुष्य घालवत असेल तर त्याला नमस्कारच करावा. आमच्यातला थोरला या मताचा आहे. गाडीला भोक पाडणे चूकच होते असे तो अजूनही म्हणतो, अप्पांनी पाडले तरी.

धाकट्याचे म्हणणे वेगळे. गाडी कारखान्यात एक दिवस होती आणि आमच्या घरी चाळीसपेक्षा जास्त वर्षे. मग तिचे मूळ कोणते? जीटीओमधला हर्स्टचा गिअर आधी नंतर बसवायची वस्तू होता, आज तो मूळ म्हणून तपासला जातो. आपल्याकडे ज्या अॅम्बेसेडरचा वरचा गिअर खाली आणायला लोक संच घेत होते, तिच्या कंपनीनेच १९९२ साली इसुझू इंजिनाच्या गाडीत गिअर खाली दिला. म्हणजे मालकांनी आणि मिस्त्रींनी जे आधी केले, ते कारखान्याने मागाहून केले. मूळ ही काही दगडावरची रेघ नाही.

हा वाद आमच्या घरात मिटलेला नाही, मिटेल असे दिसतही नाही. पण त्यातून दोघांनाही एक गोष्ट लख्ख दिसली. बडोद्याची, इंदूरची, ग्वाल्हेरची आपली घरे बघा. कोणाचे पणजोबा सयाजीरावांच्या कारकिर्दीत नोकरीला आले, कोणाचे त्याही आधी. आपण 'मला हे फावणार नाही' म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे चमकतात. आपल्या श्रीखंडपुरीच्या पानात ढोकळा असतो. आजीच्या ओव्या मराठी आणि भाजीवाल्याशी भांडण गुजराती. कोणी प्रेमाने म्हणेल, चला, यांची भाषा मूळसारखी करून देऊ, नंतर बसवलेले सगळे काढून टाकू. मराठी शुद्ध होईल, छान होईल, शोरूममधली वाटेल. आणि आपल्या आईसारखी एखादी म्हातारी विचारील, आमच्या माणसांचा हात कुठे आहे हिच्यात?

यापेक्षा जास्त आम्ही यावर बोलणार नाही, तो आमचा विषय नव्हे. आमचा विषय गिअर.

तर मुठीचे पुढे काय झाले? गेल्या वर्षी कुर्ल्यातल्या एका दुकानात, मोडीत काढलेल्या एका घरगुती पद्मिनीचे सामान आले होते. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. त्यानंतर हे सामानही झपाट्याने वितळायला जाते आहे. त्या ढिगात एक दांडा होता. सवयीने मूठ लावली. ती फिरली. एक वेढा, दोन वेढे, आणि शेवटी आटे संपून मूठ बसली तेव्हा 'मा' हे अक्षर बरोबर मागच्या बाजूला आले. आम्ही दोघे दुकानात काही बोललो नाही. दुकानदाराने भाव वाढवला नाही एवढे बरे, आमचे चेहरे बघून त्याने हवा तेवढा वाढवला असता.

तो दांडा हा, मधला. अप्पांच्या संचाचा भाऊ म्हणा. पण त्याच्या दोन्ही कड्या नाहीत. त्या आधीच भंगारात गेल्या होत्या. त्यामुळे आज तुमच्यासमोर आहे तो दांडा आहे, मूठ आहे, पट्टी आहे, आणि गिअर मात्र पडत नाही.

लोक विचारतात, आता गाडीचा पत्रा पुन्हा कापणार का? नाही. धाकट्याचीही तयारी नाही. तिला आणखी एक जखम करायची नाही यावर आमचे एकमत आहे, आमच्या घरातले ते बहुधा एकमेव. गाडी आहे तशी राहील, वरच्या गिअरची. हा संच तिच्याशेजारी भिंतीवर राहील, खाली चिठ्ठी राहील: १९८६, डावा खांदा.

शेवटी दोन विनंत्या. पहिली, आपल्या माळ्यावर, जिन्याखाली, वडिलांच्या अवजारांच्या पेटीत वाकवलेल्या हातभर सळया असतील, टोकाला आटे किंवा भोके असलेल्या, तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हांला हाक मारा. आम्ही मंडळात दर रविवारी सकाळी असतोच. दुसरी विनंती गाडीपुरती नाही. घर असो, देव्हारा असो, जुने कपाट असो, 'मूळसारखे करा' असे सांगण्याआधी मूळ सोडून त्यात काय आहे आणि ते कोणी, कशासाठी बसवले, एवढे घरच्या मोठ्यांना विचारून घ्या. आम्ही विचारले नाही. आई तेव्हा शेजारच्याच खोलीत होती.

आता मूठ कोणाकडे आहे? तिसऱ्या रांगेत? द्या इकडे.